डॉगलेगची टाकी आणि नोलीनबाईंची किल्ली

नोलीनबाई ट्रेवॅस्किस आपली कॅम्परव्हॅन घेऊन एकट्या अख्खा ऑस्ट्रेलिया फिरल्या, आणि घर चार तासांवर आलेलं असताना, डॉगलेग नावाच्या गावात, भर सकाळी, अंगात गाऊन असताना त्यांची गाडीची किल्ली संडासाच्या टाकीत पडली.

हे असं एका दमात सांगून टाकलेलं बरं. स्वतः नोलीनबाईंना ते एका दमात कधीच सांगता आलं नाही. त्या सुरुवात करायच्या ती उत्तरेतल्या मगरींपासून. मग उंटानं आरसा कसा चाटला, भर वाळवंटात चाक कसं बदललं, लाल धुळीनं चहासुद्धा कसा लाल झाला, अशी वळणं घेत घेत त्या डॉगलेगच्या वेशीपर्यंत यायच्या आणि तिथे त्यांना एकदम काहीतरी गॅसवर ठेवल्याची आठवण व्हायची.

त्याला कारण होतं. निघायच्या आधी जिलाँगमधल्या त्यांच्या गल्लीत एकाही माणसाला ही सफर पसंत नव्हती. समोरच्यांनी शिट्टी आणून दिली, शेजारच्यांनी साप चावल्यावर बांधायची पट्टी दिली, आणि कोपऱ्यावरच्या बाईंनी काही न देता नुसता हात हातात धरून ठेवला. तो प्रकार सगळ्यांत वाईट. मुलगा लिंडन याचं म्हणणं वेगळंच. त्याच्या घरामागे, अंगणात, एक खोली तयार होती. आईनं घर विकावं, गाडी विकावी आणि त्या खोलीत राहायला यावं. "हवा छान येते गं तिथे," तो दर रविवारी म्हणायचा. शेवटी नोलीनबाईंनी पैज लावली. एकटीनं, कुणाला हाक न मारता फिरून दारात परत आले, तर त्या खोलीचं नाव पुन्हा काढायचं नाही. वाटेत कुठूनही ‘लिंडन, ये रे’ असा फोन केला, की मी हरले; सामान बांधायचं.

तर अशा त्या पैजेची शेवटची सकाळ. शनिवार. गल्लीतले लोक संध्याकाळी दारात उभे राहणार होते, फुगेबिगे लावून. नोलीनबाईंनी डॉगलेगच्या फुटबॉल मैदानाशेजारी मुक्काम केला होता. आता एकच काम उरलं होतं, आणि प्रवासवर्णनं लिहिणारे या कामाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. कॅम्परव्हॅनच्या पोटात संडासाची एक पेटी असते. ती ओढून काढायची आणि गावोगावी त्यासाठी जमिनीत केलेल्या टाकीत रिकामी करायची. घरी टापटीप गाडी न्यायची म्हणून बाईंनी पेटी काढली, सवयीनं गाडीला कुलूप लावलं, किल्ली गाऊनच्या खिशात टाकली, टाकीचं झाकण पायानं दाबून उघडलं आणि पेटी ओतायला वाकल्या.

डुबुक.

आवाज अगदी लहान होता. पण फोन, कपडे, पाकीट, सगळं गाडीत, गाडीला कुलूप, आणि दुसरी किल्ली कुणाकडे? लिंडनकडे.

नोलीनबाई कितीतरी वेळ टाकीत बघत राहिल्या. अंगात रजईसारखा जाड जांभळा गाऊन, पायात गमबूट.

"काय हो बाई, काही हरवलं का?" मागून आवाज आला. मैदानावरच्या कँटीनची मालकीण म्हणावी अशी एक लठ्ठशी बाई पावांचं टोपलं घेऊन उभी होती. तिचं नाव ग्लेनिस.

"छे छे. बघतेय नुसती."

"टाकीत?"

नोलीनबाईंनी झाकणावरचा पाय काढला. त्यांनी मुकाट्यानं सगळं सांगितलं. ग्लेनिसनं टोपलं खाली ठेवलं, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, आणि बघता बघता निम्मं डॉगलेग टाकीभोवती जमलं. त्या दिवशी गावाचा सामना होता. यायचेच होते सगळे. जरा लवकर आले इतकंच.

सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाला, काच फोडा. दुसरा म्हणाला, काच फोडून आत जाल, गाडी चालू कशानं करणार? तिसरा म्हणाला, त्याच्या मेहुण्याला किल्लीशिवाय गाडी चालू करता येते, पण तो सध्या त्याच कारणासाठी आत आहे. ॲथल नावाचे एक वयोवृद्ध गृहस्थ काठी टेकत पुढे आले, टाकीत डोकावले आणि समाधानानं मान हलवत म्हणाले, "मिळेल. माझी कवळी पडली होती यात."

"मिळाली?"

"मिळाली की!" असं म्हणून ॲथल सगळे दात दाखवून हसले. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही.

गावच्या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष रेक्स. हजारभर मेंढ्यांचा मालक, पण बोलायचा असा की समोरचीसुद्धा मेंढीच आहे. तो म्हणाला, "ताई, हात घालून काही व्हायचं नाही. खाली नळी वळते. पलीकडचं मोठं लोखंडी झाकण उचलायला हवं, आणि त्याला कुलूप आहे नगरपालिकेचं. फोन लावा त्यांना."

फोन ग्लेनिसचा. पलीकडे कुठल्यातरी दूरच्या शहरातली एक गोड आवाजाची बाई.

"सांडपाणी बाहेर वाहतंय का?"

"नाही," नोलीनबाई म्हणाल्या.

"दुर्गंधी?"

"टाकीच आहे हो ती!"

"नेहमीपेक्षा जास्त येतेय का?"

नोलीनबाईंनी प्रामाणिकपणे वास घेऊन पाहिला. "नेहमीची मला कल्पना नाही. मी कालच आलेय."

"मग ही आणीबाणी होत नाही. सोमवारी फोन करा."

"पण माझी किल्ली आत आहे!"

"बाई, झाकण नगरपालिकेचं, टाकी पाणीमंडळाची, जमीन क्लबकडे भाडेपट्ट्यानं. किल्ली तेवढी तुमची. तिच्याबद्दल आम्ही कसं काय बोलणार?"

फोन बंद झाला. नोलीनबाईंचे डोळे भरून आले, आणि मुख्य म्हणजे ते पुसायला रुमालसुद्धा गाडीतच होता. गाऊनच्या बाहीनं डोळे पुसत त्या एका बाकावर बसल्या. ग्लेनिसनं त्यांना कँटीनमध्ये नेलं, गरम चहाचा मग हातात दिला आणि क्लबचा खेळाडूंचा जाड अंगरखा आणून दिला. गुलाबी आणि राखाडी रंगाचा. पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘गालाह’. गालाह म्हणजे गुलाबी पोटाचा काकाकुवा, तेच क्लबचं नाव. तिकडे बावळट माणसालाही गालाहच म्हणतात. नोलीनबाईंनी पाठीवरचं वाचलं आणि अंगरखा घातला. त्या दिवशी तो त्यांना कुणी तक्रार करू नये इतका शोभत होता.

हाताला चाळा म्हणून त्या पावाला लोणी लावायला बसल्या आणि पैजेची सगळी कहाणी त्यांच्या तोंडून बाहेर पडली.

"मग मुलाला कळवूया ना," ग्लेनिस म्हणाली. "चार तासांत किल्ली घेऊन येईल पोरगा."

"अजिबात नाही! मेले तरी चालेल."

"बरं बाई. करतो काय तो?"

"चष्म्याचं दुकान आहे."

"जिलाँगमध्येच का?" ग्लेनिसनं सहज विचारलं, आणि तळणीकडे बघून येते म्हणून मागच्या दारानं बाहेर गेली. बराच वेळ गेला. तळणीला एवढा वेळ लागत नाही, हे नोलीनबाईंच्या लक्षात यायला हवं होतं.

इकडे रेक्स टाकीभोवती फेऱ्या मारत विचार करत होता. एकदम थांबून म्हणाला, "वाहिलं तर आणीबाणी ना? मग वाहू दे की!"

मैदानाला पाणी घालायची जाड नळी आणली गेली आणि टाकीत सोडली गेली. टाकी मोठी; भरता भरता दुपार झाली. फार नाही, अगदी कायद्यापुरतं पाणी झाकणाच्या कडेनं बाहेर आलं. बघणारे चार पावलं मागे सरले. नोलीनबाईंनी पुन्हा फोन लावला आणि आयुष्यात कधी नव्हतं इतक्या अभिमानानं सांगितलं, "वाहतंय!"

"ताबडतोब माणूस पाठवते," गोड आवाज म्हणाला.

आणि त्याच क्षणी खेळाडूंच्या खोलीत कुणाचा तरी फोन वाजला.

सगळे वळून बघायला लागले. दारात ब्रोडी नावाचा उंचापुरा गडी बसला होता, घोट्याला पट्टी गुंडाळत. डॉगलेगसाठी सगळ्यात जास्त गोल हाच मारायचा. त्यानं पिशवीतून फोन काढला, आवाज घोगरा केला आणि म्हणाला, "बोला. ठिकाण? डॉगलेग, मैदान. हो, जागा माहितीय. पोचायला? बघतो, अर्धा तास तरी धरा." फोन ठेवून तो उठला आणि आठ-दहा ढांगांत टाकीपाशी आला.

"अरे माणसा!" नोलीनबाई ओरडल्या. "मघापासून समोर बसून बघत होतास!"

"बघत होतो ते खेळाडू म्हणून हो, मावशी," ब्रोडी हात जोडून म्हणाला. "नगरपालिकेचा माणूस म्हणून वरून कळवल्याशिवाय झाकणाला हात लावला, तर नोकरी जाईल माझी. आता रीतसर कळलंय. सरका."

त्यानं कुलूप काढलं, झाकण उचललं आणि हातमोजे चढवून कोपरापर्यंत हात आत घातला. ॲथलनी ओढ्यातल्या झिंग्यांसाठी ठेवलेल्या दोरीला एक दांडगं लोहचुंबक बांधून आणलं होतं. बाजूला उभं राहून ते एखाद्या विहिरीवरच्या जाणत्यासारखे सांगत होते, "डावीकडे. जरा डावीकडे. तुझ्या नाही रे, टाकीच्या डावीकडे!" आधी एक चमचा आला. मग घोड्याचा नाल आला. त्याचा खुलासा कुणालाच करता आला नाही. आणि मग, दोरीच्या टोकाला लोंबकळत, जे काही लागलेलं होतं त्याच्यासकट, किल्ली आली.

मैदानाभोवती लावलेल्या गाड्यांमधल्या लोकांनी एकदम भोंगे वाजवले. गोल झाला की वाजवतात तसे. नोलीनबाईंनी ब्रोडीला मिठी मारायला हात पसरले आणि ऐनवेळी विचार बदलला.

किल्ली ब्लीचच्या बादलीत पडली. जुनी, साधी, लोखंडी किल्ली. तिला पाण्याचं काय? पैज शाबूत होती. कुणालाही हाक मारावी लागली नव्हती. म्हणजे तसं पाहिलं तर अख्ख्या गावाला मारली होती, पण गावाचा पैजेत उल्लेख नव्हता.

एवढ्यात फाटकातून एक निळी गाडी धूळ उडवत आली आणि कशीबशी थांबली. दार उघडं टाकून एक टक्कल पडत चाललेला चाळिशीतला माणूस धावत सुटला. "कुठे आहे? माझी आई कुठे आहे?"

"लिंडन!" ब्लीचच्या बादलीवरून मान वर करत नोलीनबाई ओरडल्या.

लिंडन जागच्या जागी थांबला. आईला त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. गुलाबी अंगरखा, खाली जांभळा गाऊन, गमबूट. मग धावत येऊन तिला असा बिलगला की बाईंचे पाय जमिनीवरून उचलले गेले. "तू कोरडी आहेस!" तो म्हणाला आणि चक्क रडायला लागला.

झालं होतं असं की, ग्लेनिसनं जिलाँगमधल्या एकेका चष्म्याच्या दुकानात फोन करत लिंडनला गाठलं होतं. डॉगलेगमध्ये फोनला रेंज येते ती वाऱ्यावर. ग्लेनिसनं सांगितलं होतं, "तुमच्या आईची किल्ली टाकीत पडलीय, लगेच या." त्यातलं ‘ची किल्ली’ वाऱ्यानं नेलं. लिंडनला ऐकू आलं, आई टाकीत पडलीय. पुढे फोन लागला नाही. चार तासांची वाट त्यानं त्या एका वाक्यावर काढली होती.

नोलीनबाई ग्लेनिसला बोलणार होत्या, चांगलं खडसावून. तोंड उघडलंही होतं. पण खांद्यावर मुलाचं ओलं तोंड होतं, आणि त्यांच्या चष्म्याच्या काचेवर त्याचा श्वास जमला होता; लहानपणी पोहायला शिकवताना तो असाच गळ्यात पडायचा. त्यांनी तोंड मिटलं.

"एवढं रडायला काय झालं रे," त्या म्हणाल्या. "पडले असते तरी पोहता येतं मला."

हा हृद्य प्रसंग रेक्सनं मध्येच तोडला. तो पांढराफटक पडला होता. नगरपालिकेचा नियम असा, की टाकीत हात घातलेल्या माणसानं त्या दिवशी दुसऱ्याच्या अंगाला अंग लावायचं नाही. आणि तिकडच्या फुटबॉलात दुसरं काही नसतंच. शिवाय पंचांनीही ब्रोडीचा वास घेऊन आधीच निकाल दिला होता. डॉगलेगचा एक गडी कमी पडत होता. राखीव माणूस लग्नाला गेलेला.

रेक्सनं लिंडनकडे मेंढी विकत घेताना बघतात तसं पाहिलं. "बूट किती नंबरचा?"

"दहा. का?"

"शाळेत खेळलायस?"

"शाळेत! त्याला किती वर्षं..." लिंडनचं वाक्य संपायच्या आत रेक्स बूट शोधायला लागला.

"आई!" लिंडन मदतीसाठी वळला.

पण आईचं मन त्या वेळी कृतज्ञतेनं इतकं भरून आलं होतं, की त्यात मुलासाठी जागा उरली नव्हती. "लिंडन," त्या म्हणाल्या, "या माणसांनी माझ्यासाठी सकाळपासून काय काय केलंय, ते तुला सांगूनही खरं वाटणार नाही. त्यांचा हुकमी खेळाडू आपल्यापायी गेला. काढ तो स्वेटर."

लिंडननं स्वेटर काढला.

त्या सामन्याचं वर्णन डॉगलेगमध्ये अजून करतात, पण बाहेरच्यांसमोर नाही. पहिला बराच वेळ लिंडन चेंडूच्या विरुद्ध दिशेला धावत होता, आणि ती युक्ती असावी असं समजून प्रतिपक्षाचे दोघं त्याच्यामागे धावत होते. मग कसा कोण जाणे, उंच आलेला एक चेंडू त्याच्या छातीवर आदळून हातात राहिला. खांब समोरच होते. "मार रे सोन्या!" नोलीनबाई कुंपणावरून किंचाळल्या. लिंडननं पाय मागे नेला, चेंडू लाथाडला, आणि मांडीच्या मागून ‘टक्’ असा आवाज आला तो पलीकडे कँटीनमध्ये ऐकू गेला. चेंडू मधल्या खांबांना चुकवून बाजूच्या खांबांमधून गेला. त्याचा एक गुण मिळतो. लिंडन गवतावर पालथा पडला. गाड्यांचे भोंगे वाजत राहिले.

डॉगलेग हरलं, चांगलं सपाटून. पण लिंडनला बाहेर आणताना चारजणांनी खांद्यावर घेतलं होतं, आणि ब्रोडी लांबून, नियमाप्रमाणे अंतर राखून, टाळ्या वाजवत होता.

आता प्रश्न होता घरी जायचा. लिंडनच्या उजव्या पायात ब्रेक दाबायचंही बळ नव्हतं. मग त्याची निळी गाडी रेक्सच्या मेंढ्यांच्या गोठ्यात ठेवली, आणि त्याला कॅम्परव्हॅनच्या पलंगावर आडवं केलं. मांडीखाली कँटीनमधल्या गोठवलेल्या बटाट्याच्या फोडींची पिशवी. ग्लेनिसनं मांसाच्या पॅटिसांचा डबा आणि अंगणातली लिंबं दिली. ॲथलनी लोहचुंबक दिलं. "पुढे लागलं तर," ते म्हणाले. नोलीनबाईंनी धुतलेली किल्ली लावली. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. आरशात बघितलं, तर सगळे फाटकात उभे. आणि मग त्यांना वळण नीट दिसेना, म्हणून त्यांनी गाडी जरा हळू घेतली.

"आई, डाव्या बाजूला राहा," मागून आवाज.

"मी आहे डावीकडे."

"ट्रक येतोय."

"मला दिसतोय. तू छताकडे बघ."

वाटेतलं बॅलराट शहर येईपर्यंत असंच चाललं. मग लिंडननं छताकडे बघायचं सोडून आईच्या पाठीकडे मान वळवली. "आई," तो शेवटी म्हणाला, "एवढे महिने तू या असल्या रस्त्यांवरून एकटी फिरत होतीस? मला वाटायचं, तुला भीती वाटते आणि तू सांगत नाहीस."

"वाटायची की. पण दर वेळी कुणी ना कुणी भेटायचं. उत्तरेत एका बाईनं माझा ताप उतरेस्तोवर आपल्या ओसरीत निजवून ठेवलं. वाळवंटात चाक बदललं म्हणते ना मी, ते एका जोडप्यानं बदललं; मी नुसता दिवा धरला होता. एकटी कुठली रे? गाडीत तेवढी एकटी."

"म्हणजे पैज हरलीस तू."

"हरले तर हरले," नोलीनबाई म्हणाल्या. खोटं बोलवेना त्यांना. "कधी यायचं राहायला?"

मागे फोडींची पिशवी सरकल्याचा आवाज. "तसं नव्हे. आमची झोपायची खोली वरती. या पायानं जिना कसा चढू? मीच म्हणतोय, काही दिवस त्या मागच्या खोलीत..."

"पड की," नोलीनबाई म्हणाल्या. "हवा छान येते."

पोचेपर्यंत रात्र झाली होती, तरी गल्लीत फुगे होते, सगळे शेजारी होते. नोलीनबाई उतरल्या त्या गुलाबी अंगरख्यात, आणि बाजूचं दार उघडून त्यांनी आपल्या चाळिशीच्या मुलाला लंगडत खाली उतरवलं. "एकट्या गेल्या होत्या ना?" कोपऱ्यावरच्या बाईंनी कुजबुजत विचारलं. समोरचे म्हणाले, "हो, पण याला बहुतेक वाटेतून घेऊन आल्या." त्याच दिवसापासून गल्लीत सहानुभूतीनं हात हातात धरले जातात ते लिंडनचे.

पाय बरा झाल्यावर, एका शनिवारी, नोलीनबाई लिंडनला घेऊन त्याची गाडी आणायला डॉगलेगला गेल्या. सोबत चार मोठे केक होते, रात्रंदिवस खपून केलेले, प्रत्येकावर साखरेचा गुलाबी काकाकुवा. ग्लेनिसनं पाहताक्षणी गळ्यात पडून सांगितलं, की कँटीनची दुसरी बाई बाळंतपणाला माहेरी गेलीय, गर्दी मावत नाही, आणि तळणीपाशी कुणी नाही. नोलीनबाईंनी बाह्या सारल्या. ॲथलनी त्यांच्यापुढे कांद्याची पाटी सरकवली.

सामना सुटला. लिंडन गोठ्यातून गाडी काढून, पुसूनपासून, खिडकीशी येऊन उभा राहिला. आई आत तीन माणसांच्या ऑर्डरी एकदम घेत होती आणि ब्रोडीला हात धुतल्याशिवाय पाव मिळणार नाही असं बजावत होती.

"आई, निघूया ना? अंधार व्हायच्या आत पोचू."

"तू हो पुढे," नोलीनबाई तळणीतून झारा न काढता म्हणाल्या. "सावकाश जा, डाव्या बाजूनं."

"आणि तू? तू कधी येणार?"

नोलीनबाईंनी ग्लेनिसकडे पाहिलं. ग्लेनिसनं पदार्थांची पाटी पुसत खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"हंगाम संपू दे की रे बाबा," ती म्हणाली, "मग देतो पाठवून."